आदिलाबादची शाळा आणि रान

विद्यार्थ्यांची पर्यावरणविषयक जाण आणि वृत्ती प्रश्नावलीने मोजण्याची पद्धत शिक्षणशास्त्रात आता रूढ झाली आहे. ओझोनचा थर, प्लास्टिक, वन्यप्राणी यांविषयीची विधाने वाचून मुलाने ‘सहमत’ वा ‘असहमत’ अशी खूण करायची. ही मोजपट्टी आदिलाबादच्या माध्यमिक शाळांना लावायची, तर आधी तेथील रानाचा आणि शाळेचा इतिहास पाहावा, असे आम्हांस वाटते.

1940 साली कोमराम भीम जोडेघाटला निजामी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. भांडण रानाचेच होते. राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या आणि तेथे नांगरणारे, गुरे चारणारे गोंड व कोलाम कागदोपत्री अतिक्रमक ठरले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. ते मारलवाईत राहिले. जमिनीच्या पट्ट्यांइतकाच त्यांनी शाळांचा आग्रह धरला. 1943 मध्ये मारलवाईला प्रशिक्षण केंद्र निघाले, गोंड तरुणच शिक्षक झाले. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण जे थोडे गोंड साक्षर होते ते बहुधा मराठी वाचत. हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा मराठी मुलखात आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. काही मराठी शाळा टिकल्या. शिक्षणाची मुख्य भाषा मात्र तेलुगू झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 आणि 2003 च्या आदेशांनी पर्यावरण हा शाळेतला सक्तीचा विषय झाला. विषय आला, पण तो परक्या भाषेतून. शिवाय आश्रमशाळेत राहणारे मूल मोह वेचण्याच्या दिवसांत घरी नसते. कोणते झाड तोडू नये, नवे फळ देवाला दाखविल्यावाचून का खाऊ नये, हे त्याला सांगणार कोण? आदिवासी मूल म्हणजे उपजत वनरक्षक, ही शहरी समजूतही आम्हांस भाबडी वाटते. रानाचे ज्ञान रानात वावरूनच येते.

1965 चे कव्वाल अभयारण्य 2012 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले आणि गावे हलविण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. आता प्रश्नावलीत ‘वाघांसाठी जंगलातील गावे उठवावीत’ असे विधान आले आणि तेथल्या नववीतल्या मुलीने ‘असहमत’वर खूण केली, तर तिचे गुण कापायचे काय?