नारायणगावची फसफस आणि नावाचा भाव

मोर्शीहून बोलतोय. आपल्या मोर्शी-वरुडचा संत्रा बाजारात जातो तो ‘नागपुरी’ म्हणून. आज अशाच एका नावाची गोष्ट.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं. मी गेलो तेव्हा रस्त्यालगत मांडवावर चढलेल्या द्राक्षबागा दिसल्या. बहुतेक खायच्या द्राक्षांच्या. १९८०च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्राच्या मदतीने इथे फसफसणारी वाइन काढली. ती बंद बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, म्हणून बुडबुडे आतच राहतात. ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशात विकली गेली. कंपनीचं नाव शॅम्पेन इंडाज. पण शॅम्पेन हा फ्रान्समधला मुलूख. युरोपात बाहेरच्या बाटलीवर ते नाव चालत नाही.

एवढी कडक पकड कशामुळे? तिथले काही व्यापारी बाहेरची स्वस्त द्राक्षं आणून ‘शॅम्पेन’ म्हणून खपवत होते. १९११ मध्ये शेतकरी पेटून उठले, तळघरं फोडली, वाइन रस्त्यावर ओतली. त्याच वर्षी शेजारचे ओब भागातले शेतकरीही रस्त्यावर उतरले, कारण त्यांना त्या नावातून वगळलं होतं. १९२७च्या कायद्याने त्यांना हक्क मिळाला. सोळा वर्षं लागली बघा!

इकडे इंडाज पुढे कर्जात बुडाली. नारायणगावच्या बागा मात्र उभ्या आहेत, पण बाटलीवर गावाचं नाव रुजलंच नाही.

म्हणून म्हणतो, संत्र्याच्या पेटीवर ‘नागपुरी’च्या खाली ‘मोर्शी’ लिहायला लागा. गिऱ्हाइकाला गाव माहीत झालं, तरच गावाला भाव मागता येतो.