दूरध्वनीच्या तारेवरील आज्ञायाद्या

१. मराठी दफ्तर चाळणाऱ्यांस एक गोष्ट परिचयाची आहे. काशिदाच्या हातीं धाडलेलें पत्र लिहिल्याची व पावल्याची अशा दोन्ही तारखा सांपडल्या, म्हणजे मजकुराखेरीज वाटेची स्थितिहि कळते. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक दूरध्वनीच्या तारेनें परस्परांशीं बोलूं लागले. त्या काळचे असेच कागद म्हणजे नंबर आपोआप फिरविणाऱ्या ‘स्क्रिप्ट’, अर्थात् आज्ञायाद्या, होत. त्या वाटेच्या इतिहासाचें अस्सल साधन आहेत, असें आमचें मत आहे.

२. संगणकाचे अंक ध्वनींत व ध्वनि पुन्हां अंकांत पालटणारें यंत्र तें मोडेम. अमेरिकेंतील हेज कंपनीच्या ‘स्मार्टमोडेम’नें १९८१ पासून त्यास लेखी आज्ञा देण्याची रीत रूढ केली. आज्ञेच्या आरंभीं ‘एटी’, म्हणजे ‘लक्ष द्या’, हीं अक्षरें असत. ‘एटीडीटी’ लिहिल्यास सुरांनीं व ‘एटीडीपी’ लिहिल्यास जुन्या चकतीप्रमाणें ठोक्यांनीं नंबर फिरे. अंकांमध्यें स्वल्पविराम घातल्यास मोडेम सामान्यतः दोन सेकंद थांबे. तेव्हां यादींत ठोक्यांची आज्ञा आढळल्यास एक्सचेंज जुन्या धर्तीचें असावें, व आरंभीच्या अंकापुढें स्वल्पविराम दिसल्यास कचेरीच्या बोर्डांतून बाहेरची लाइन मिळण्यास अवकाश लागत असावा, असें अनुमान निघतें.

३. याहून बोलका पुरावा ‘यूयूसीपी’ पद्धतीच्या याद्यांत मिळतो. ही पद्धति बेल प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत निर्माण झाली. पलीकडून अमुक शब्द येईपर्यंत थांबावें, आला कीं तमुक उत्तर धाडावें, न आल्यास पुन्हां खूण करून वाट पाहावी, असा तिचा क्रम असे. ‘लॉगिन’ या अपेक्षित शब्दाचें पहिलें अक्षर यादी लिहिणारे मुद्दाम गाळीत. कारण इंग्रजी लिपींत तें मोठें येईल कीं लहान, किंवा तारेच्या खरखरींत गडप होईल, याचा भरंवसा नसे. गाळलेलें अक्षर हीच येथें साक्ष होय.

४. भारतांत ‘एर्नेट’ योजनेखालीं १९८७ च्या सुमारास मुंबईस राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आय.आय.टी. यांच्यामध्यें याच पद्धतीनें टपाल जाऊं लागलें. सर्वसामान्य लोकांस इंटरनेट खुलें झालें तें विदेश संचार निगमामार्फत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, व तेंहि प्रथम मोठ्या शहरांपुरतें. मांजरेकांठचें कळंब त्या वेळच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. तेथून मुंबई गांठणें म्हणजे एस.टी.डी.चा दर सोसणें आलें. मुंबईकरास तोच फोन स्थानिक. एस.टी.डी.चा दर रात्रीं अकरानंतर चौथाईवर येई. यूयूसीपीच्या यादींत फोन कोणत्या वेळीं करावा याचें स्वतंत्र कलम असे. म्हणून अशा यादींतील रात्रीची वेळ ही निव्वळ तांत्रिक नोंद नव्हे; राजधानीपासूनच्या अंतराची ती किंमत आहे. माणूस निजल्यावर यंत्रानें जागावें, ही सोय दूरच्या गांवास अधिक निकडीची होती. पुढें ‘१७२२३३’ सारखे नंबर आल्यावर स्थानिक दरानें जोडणी मिळूं लागली व हें कलम निरर्थक झालें.

५. हीं साधनें मात्र झपाट्यानें नष्ट होत आहेत. फ्लॉपीवरील चुंबकीय लेख क्षीण होतो, ती वाचणारें यंत्र दुर्मिळ झालें आहे; शिवाय पुष्कळ याद्यांत गुप्तशब्द उघडा लिहिलेला असल्यामुळें मालकांनींच त्या पुसून टाकल्या. ज्यांच्या घरीं त्या उरल्या असतील त्यांनीं गुप्तशब्द झांकून, गांव, साल व एक्सचेंज यांची नोंद करून, कागदावर नक्कल उतरवावी. मुंबई-पुण्याच्या याद्या कोठें तरी टिकतील. कळंबसारख्या गांवांच्या याद्या तेथील लोकांनीं न राखल्यास, इंटरनेट खेड्यापाड्यांत कोणत्या कष्टानें पोंचलें याचा इतिहास केवळ शहरांच्या कागदांवरून लिहिला जाईल. दफ्तर जळाल्यावर हळहळण्याचा अनुभव महाराष्ट्रास थोडा नाहीं.