पंचांगाचा पाया



पाया जुना झाला की तो बदलावा, याबद्दल सहसा दुमत नसते. वाद होतो तो त्या पायावर उभ्या असलेल्या घरांविषयी. आज बँकेपासून वीजबिलापर्यंतची कामे संगणकावर चालतात. तेथेही कोणी एकाने लिहून ठेवलेला भाग हजारो जण आपल्या कामात बसवतात. पुढे तो भाग जुना होतो, धोक्याचा होतो. आणि नवा बसवावा तर त्याच्यावर टेकलेली दहा कामे अडतात. हा पेच संगणकाबरोबर जन्माला आला असे मात्र नाही. १९२० साली आपल्या सांगलीत ज्योतिष संमेलन भरले, ते याच पेचातून. तेव्हाचा पाया गणिताचा होता.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. ज्या-कोटिज्येचा खटाटोप टाळून ग्रहांची स्थाने काढण्याची सुलभ रीत त्यात आहे. ती इतकी सोयीची ठरली की महाराष्ट्रातील जोशांनी पिढ्यान् पिढ्या तिच्यावरच पंचांगे केली. परंतु सोपे केलेल्या गणितात थोडी चूक राहतेच, आणि शतकाशतकाला ती साचत जाते. एकोणिसाव्या शतकात पंचांगातले ग्रहण आणि आकाशातले ग्रहण यांची वेळ जुळेना. तेव्हा प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपातील नव्या ग्रहगणिताचा आधार घेतला, आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले.

या सुधारणेत दोन बदल एकदम आले, आणि सगळ्या भांडणाचे मूळ तेथे आहे.

पहिला बदल गणिताच्या शुद्धतेचा. जुन्या गणिताने तिथी फार तर ६५ घटकांपर्यंत वाढे आणि ५४ पर्यंत घटे. यालाच ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत. प्रत्यक्ष चंद्र मोजला तर तिथी सुमारे ५० पासून ६७ घटकांपर्यंत जाते. जुन्या पक्षाचे म्हणणे असे की, श्राद्धाचे आणि व्रतांचे निर्णय जुनी मर्यादा धरून बांधलेले आहेत. ती मोडली तर निर्णय कशावर करायचा? या म्हणण्याला हट्ट म्हणून उडवून लावणे आम्हांला योग्य वाटत नाही. चुकीच्या आकड्यावरही माणसे शहाणपणाने नियम बांधतात, आणि आकडा सुधारला की ते नियम उघडे पडतात.

दुसरा बदल आरंभबिंदूचा. राशिचक्र कोठून मोजायचे? छत्रे यांनी रेवतीची एक मंद तारा धरली. टिळकांचा कौलही रेवतीकडे होता. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा पक्षाचा पुरस्कार केला. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर. चित्रा पक्षाची मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास, तर रेवती पक्षाची १० च्या सुमारास येते. मृगही चार दिवस अलीकडे येतो. आणि मृगावर पेरणीचा हिशेब धरणाऱ्या सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला चार दिवस थोडे नव्हेत. संक्रांत सरकली की एखाद्या वर्षी अधिक मासही वेगळा पडतो, आणि मग दिवाळीत महिन्याचा फरक होतो.

मुंबईत १९०४ मध्ये आणि पुण्यात १९१७ मध्ये संमेलने झाली. सांगलीच्या संमेलनानंतर रेवती पक्षाचे पंचांग टिळकांच्या नावाने रूढ झाले. पण लोकमान्यांचे नाव पाठीशी असूनही बहुसंख्य महाराष्ट्र त्याच्या मागे गेला नाही. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने धार्मिक पंचांगासाठी चित्रेला जवळचा आरंभ धरला, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

निकाल लक्षात घेण्याजोगा आहे. शुद्ध गणित जिंकले, कारण त्याचा साक्षीदार आकाशात होता. ग्रहण कोणालाही पाहता येते. आरंभबिंदूला असा साक्षीदार नव्हता. तो संमतीने ठरवण्याचा विषय होता, आणि संमती चार विद्वानांच्या सभेत पुरी होत नाही.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. सणाची सुट्टी ठरवताना ‘कोणते पंचांग?’ या प्रश्नाची किंमत आम्हांला कळते. एकाच चाळीत दोन दिवाळ्या झाल्या तर विद्वानाचा वाद होतो, मजुराचा रोज बुडतो. म्हणून पाया बदलणाऱ्यांना, मग तो पंचांगाचा असो, यंत्राचा असो की संगणकाचा, आमचे सांगणे एवढेच: जुन्याला चिकटून राहाल तर चूक साचत जाईल, तेव्हा बदल जरूर करा. पण जे सिद्ध करता येते ते आणि जे केवळ ठरवायचे आहे ते एका गाठोड्यात बांधू नका. काही काळ जुने-नवे शेजारी ठेवून ताडून पाहा. आणि त्या पायावर कोणकोणाची घरे उभी आहेत, हे कुदळ उचलण्यापूर्वी त्या घरांत जाऊन विचारा.