कारखान्याचं कॉलेज

गेल्या शनिवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, एक लेटर पाहिजे होतं."

भाचा थर्ड इयर मेकॅनिकलला आहे, आपल्या नगर जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात. (हो, आता अहिल्यानगर. पण तोंडात नगरच येतं.) पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिप आली, तिला मार्कही आहेत. म्हटलं, कुठं करणार आहेस? तर म्हणतो, "कुठंही चालेल. कंपनीचं लेटरहेड पाहिजे फक्त."

मला हसू आलं आणि लगेच ओशाळलोही. कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी फायनल इयरच्या प्रोजेक्टला असंच एक 'स्पॉन्सरशिप लेटर' मी आणलं होतं. ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्यानं दिलं. त्या वर्कशॉपमध्ये आम्ही चौघं एकूण तीनदा गेलो, त्यातले दोनदा चहाला. इंडस्ट्रियल व्हिजिट नावाची सहल व्हायची, तिचा रिपोर्ट आधीच्या बॅचकडून वारसाहक्कानं मिळायचा. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तेव्हा सगळीकडे कमी-जास्त हेच चालायचं.

फोन ठेवल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. कॉलेज आणि कंपन्या यांचा संबंध नाही अशी ओरड सगळीकडेच असते. पण आमच्या जिल्ह्यात तर कॉलेजं काढली तीच मुळी कारखान्यांनी! मग बिनसलं कुठं?

थोडं मागे जाऊ. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. विखे पाटील स्वतः फारसे शिकलेले नव्हते. कारखान्याचे पहिले चेअरमन कोण, तर धनंजयराव गाडगीळ! पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक, मोठे अर्थशास्त्रज्ञ. प्राध्यापक माणूस उसाच्या कारखान्याचा चेअरमन, आणि कमी शिकलेला शेतकरी त्याचा जोडीदार. आता पुढची गंमत. हेच गाडगीळ १९६६ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि वर्षभरात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. म्हणजे नोकरी देणाऱ्या कारखान्याची आणि पदवी देणाऱ्या विद्यापीठाची, दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसून गेला. आजच्या 'इंडस्ट्री-अकॅडेमिया' सेमिनारवाल्यांना असा माणूस मिळाला तर ते त्याला सोडणार नाहीत.

लोणीची शिक्षणसंस्था १९६४ ची. पण इंजिनिअरिंगसाठी १९८३ साल उजाडावं लागलं. तोवर महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्याच, आणि ऐपतवाल्यांची मुलं कॅपिटेशन फी भरून कर्नाटकात जायची. त्या वर्षी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. तेही सहकारी साखर कारखान्यातूनच पुढे आलेले. त्यांच्या सरकारनं विनाअनुदानित तत्त्वावर कॉलेजांना परवानगी दिली. म्हणजे सरकार पैसा देणार नाही, तुमचा तुम्ही उभा करा. आता खेड्यात इमारत, वर्कशॉप, हॉस्टेल उभारण्याइतका पैसा, जमीन आणि माणसं कुणाकडे होती? साखर कारखान्यांच्या मंडळींकडे. त्या एकाच वर्षी, १९८३ ला, लोणीला प्रवरा, कोपरगावला संजीवनी आणि संगमनेरला अमृतवाहिनी अशी तीन इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. तिन्ही उसाच्या पट्ट्यात, एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर, आणि तिन्हींच्या मागे कारखान्यांची पुढारी मंडळी: विखे, कोल्हे, थोरात. एका ग्रामीण जिल्ह्यात एका वर्षात तीन! भूमिपूजनांची वर्णनं अण्णांकडून लहानपणी इतक्यांदा ऐकलीत की मी तिथं हजर होतो असंच वाटतं.

आमच्या घरी ऊस बिलाच्या पावत्या खिळ्याला अडकवलेल्या असायच्या. त्यावर कपातींची लांबलचक यादी. सोसायटीचं कर्ज, तोडणी, वाहतूक, अमका निधी, तमका निधी. आई कुरकुरायची. अण्णा म्हणायचे, "जाऊ दे, कारखान्याचं कॉलेज म्हणजे आपलंच की. पोरगं तिथंच शिकणारे." आणि शिकलंही.

आता बिनसलं कुठं याचं माझं उत्तर सांगतो. कारखान्यानं कॉलेज काढलं ते बापाच्या नात्यानं, मालकाच्या नात्यानं नाही. बापाला वाटतं पोरगं शिकावं, साहेब व्हावं. मालक विचारतो, हा उद्या माझ्याकडे काय काम करील? हा दुसरा प्रश्न कारखान्यानं विचारला नाही, कारण त्याला गरजच नव्हती. साखर कारखाना चालतो वर्षाचे पाच-सहा महिने. त्याला फिटर लागतो, बॉयलर अटेंडंट लागतो, पॅनवर साखर शिजवणारा माणूस लागतो. दरवर्षी बाहेर पडणारे शेकडो बी.ई. घेऊन तो करणार काय? आणि सिलॅबस ठरायचा गणेशखिंडीत, विद्यापीठात. तिथं ना लोणीच्या कारखान्याला विचारायचे, ना नगरच्या एमआयडीसीला.

जिथं गरज होती तिथं याच लोकांनी काम चोख केलंय. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट बघा. १९७५ मध्ये कारखान्यांनीच काढली, प्रत्येक टन गाळपामागे ठराविक पैसे देऊन चालवली. तिथला पोरगा शुगर टेक्नॉलॉजी शिकतो आणि थेट कारखान्यात जातो. कारण काय शिकवायचं हे उद्या कामाला ठेवणाऱ्यानंच ठरवलेलं. फक्त तो रस्ता थोड्यांपुरता.

बरं, नगरला दुसरे कारखाने नव्हते असंही नाही. १९७२ ला बाजारात आलेली कायनेटिकची लूना नगरचीच. लार्सन अँड टुब्रो होती, क्रॉम्प्टन होती. कायदाही होता. १९६१ चा अप्रेंटिस कायदा १९७३ च्या दुरुस्तीनं डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना लागू झाला, किमान स्टायपेंडचा अर्धा भार केंद्र सरकार उचलणार अशी सोय झाली. विद्यापीठात 'प्रॉडक्शन सँडविच' नावाचा बी.ई. कोर्स होता, त्यात पोरं कंपनीत काही महिने खरोखर काम करायची. पण आम्हाला वाटायचं, अप्रेंटिस म्हणजे आयटीआयवाला. आपण इंजिनिअर! वर्षभर तुटपुंज्या स्टायपेंडवर कोण राबणार?

मग आयटी आलं आणि हा प्रश्न वीसेक वर्षांसाठी झाकला गेला. मेकॅनिकल असो की सिव्हिल, ॲप्टिट्यूड टेस्ट पास व्हा, बाकीचं आम्ही शिकवतो. तीन-चार महिन्यांचं ट्रेनिंग कंपनीच द्यायची. २००५ च्या नॅसकॉम-मॅकिन्सी अहवालानं सांगितलं की बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कामाचे इंजिनिअर शंभरात पंचवीसच. त्याआधी, २००४ मध्ये, इन्फोसिसनं 'कॅम्पस कनेक्ट' काढून आपला ट्रेनिंगचा मजकूर कॉलेजांना देऊ केला होता. माझ्यासारख्यांचं भलं झालं, नाकारत नाही. थर्मोडायनॅमिक्स शिकून मी जावा लिहायला लागलो. पण अण्णांच्या पावतीवरच्या कपातीतून तयार झालेला इंजिनिअर गेला हिंजवडीला, आणि गावातला कारखाना अजूनही बाहेरून माणूस बोलावून टर्बाइन दुरुस्त करून घेतो.

आता कंपन्यांनाही चार महिने शिकवायला नको झालंय. मी स्वतः इंटरव्ह्यू पॅनेलवर बसतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, इंटर्नशिपमध्ये नेमकं काय केलंस? आणि समोरचा पोरगा छताकडे बघायला लागला की मला लेटरहेड दिसतं.

रविवारी भाच्याला परत फोन केला. म्हटलं, लेटर देणार नाही. मामाचा एवढा वशिला नाही असं कॉलेजात सांग. नागापूर एमआयडीसीत माझ्या बॅचचा एक मित्र आहे, पंधरा माणसांचं युनिट, पंपांचे पार्ट करतो. त्याच्याशी बोललोय. सकाळी आठला गेटवर हजर पाहिजे, पहिला आठवडा फक्त मापं घ्यायची आणि रिजेक्ट झालेले पीस मोजायचे.

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "मामा, पण लेटरहेड असेल ना त्यांच्याकडे?"