‘एरिया चांगला बघा’ : वऱ्हाडातील मुक्कामाचा इतिहास



जून-जुलै उजाडला की दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळीकडची आपली पोरं-पोरी अमरावती-अकोल्यात रूम शोधत फिरतात. सगळे त्यांना एकच सल्ला देतात, "एरिया चांगला बघा." अमरावतीत साईनगर, रुक्मिणीनगर चांगले, फ्रेजरपुरा, बेलपुरा नको. अकोल्यात जठारपेठ, रामदासपेठ चांगली. अकोट फैल नको. असे सांगणाऱ्यांत आपलेही लोक असतात. नळ कधी येतो, अभ्यासिका किती लांब, रात्री ऑटो मिळतो का, हे कुणी विचारत नाही. मग ‘चांगला’ म्हणजे काय? या शब्दात जात राहते, आणि ती तिथे बरीच जुनी भाडेकरू आहे.

अमरावतीचा परकोट बघा. पेंढाऱ्यांपासून धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये ही दगडी भिंत बांधायला घेतली. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. शहराचा पहिला ‘चांगला एरिया’ तो हाच, तिजोरीवाल्यांचा. पुढे इंग्रजांनी कॅम्प वसवला. साहेब बंगल्यात राहायला गेला आणि त्याचा चपराशी? त्यासाठी चपराशीपुरा. नावातच सगळे आले! अकोल्यात मोर्णेच्या एका काठावर असदगड आणि जुने शहर, पलीकडे ताजनापेठ, आणि रेल्वेच्या रुळांपल्याड अकोट फैल. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगला राबणारे हात हवे होते. ते हात रात्री कुठे टेकतात याची काळजी पेठेने वाहिली नाही.

मंदिरप्रवेशाचा इतिहास आपल्याला पाठ आहे. १३ नोव्हेंबर १९२७ ला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, हे आपल्या लेकरांनाही माहीत असते. घरप्रवेशाचा इतिहास मात्र आपण फारसा सांगत नाही. खरे तर बाबासाहेबांच्या आयुष्यात तो आधी येतो. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या, कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. एक हिंदू मित्र, एक ख्रिश्चन मित्र. दोघांच्याही घरात जागा झाली नाही. रूम मिळावी म्हणून आज आडनाव बदलून सांगणाऱ्या पोराला कुणी हसू नये. त्याने काय गिळले आहे ते या प्रसंगावरून समजून घ्यावे.

पंढरपुरात चोखोबाच्या लेकरांना कुणी धर्मशाळेत घेत नव्हते. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. देवळाच्या पायरीवर त्यांचा विश्वास नव्हता. माणसाला रात्री पाठ टेकायला जागा हवी, हे त्यांना कळले होते. आज त्यांच्या समाधीभोवतीचे गाडगेनगर ‘चांगल्या एरियात’ मोजले जाते.

इथे आपले काही कार्यकर्ते म्हणतात, "बाबासाहेबांनीच वेगळ्या वसाहती मागितल्या होत्या, मग वस्तीतच राहा की!" हे अर्धवट वाचन आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये ती मागणी पुन्हा आली. पण मागणी होती गावाच्या गुलामीतून बाहेर पडण्याची, सरकारी पडीक जमिनीसह, सेटलमेंट कमिशनसह. जमीन नाही, कमिशन नाही, उरले ते फक्त ‘वेगळे’! नालीकाठच्या अरुंद गल्लीला बाबासाहेबांची वसाहत म्हणणे ही त्यांचीच थट्टा आहे. मात्र याच गल्ल्यांत विहारे उभी राहिली, अभ्यासिका चालल्या, मोर्चे निघाले. मला कुणी विचारले तर मी म्हणेन, स्वतःच्या मर्जीने फ्रेजरपुऱ्यात राहा, स्वतःच्या मर्जीने साईनगरात राहा. ती मर्जी आपली असली पाहिजे, घरमालकाची नव्हे.

सध्या ती कुणाची असते? आपल्याच जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर विचारणा केली तेव्हा सवर्ण नावांपैकी एकालाही नकार मिळाला नाही. सुमारे १८ टक्के दलित आणि ३१ टक्के मुस्लिम नावांना सरळ नकार मिळाला. आपल्याकडे नकाराची भाषा मवाळ असते. "पूर्ण नाव काय? गाव कोणतं? आम्ही शाकाहारी आहोत बरं." मग संध्याकाळी फोन, "रूम गेली." सोसायट्यांचे तर विचारूच नका. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील झोरोस्ट्रियन हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात एकाच समाजापुरते सभासदत्व ठेवणारा नियम वैध ठरवला. बडोद्याच्या त्या काठ्या आता पोटनियमांत आहेत.

कायदा मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो आणि ती आपल्या पोरांना माहीत नसते. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५, याचे कलम ४ वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम १२ त्याहून महत्त्वाचे. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीची. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला जवळ ठेवा. "रूम गेली" म्हणणाऱ्याचा फोन, तारीख, वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या आडनावाच्या मित्राला त्याच रूमसाठी पाठवा आणि त्याला काय उत्तर मिळते तेही लिहा. कलम ४ ची शिक्षा आहे एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. एवढ्या रुपयांत अमरावतीत आज रूमचे डिपॉझिटसुद्धा भरत नाही.