ग्रामसभेपासून नगरपंचायतीपर्यंत : स्थानिक नियोजनातील वस्ती-संघटनांचे स्थान (कळंब, जि. यवतमाळच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

शहराचे नियोजन म्हटले की मुंबई, पुणे, नागपूर यांसारखी महानगरे डोळ्यांसमोर येतात. परंतु महाराष्ट्रातील नागरीकरणाचा खरा कस तालुक्याच्या गावी लागत आहे. कालपर्यंत ग्रामपंचायत असलेली ही गावे आज नगरपंचायती झाली आहेत. शेतजमिनींवर लेआउट पडत आहेत आणि गावातून जाणारे रस्ते राष्ट्रीय महामार्ग झाले आहेत. अशा गावात आपली गल्ली, आपला रस्ता आणि आपली मोकळी जागा यांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार रहिवाशांना कितपत आहे, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे. प्रस्तुत शोधनिबंधात यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे गाव समोर ठेवून या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) स्थानिक नियोजनातील लोकसहभागाची विदर्भातील वाटचाल पाहणे.
२) ग्रामपंचायतीचे नगरपंचायतीत रूपांतर झाल्यावर रहिवाशांच्या वैधानिक अधिकारांत झालेला बदल तपासणे.
३) वाहतूक सुरक्षा व नगरवाढ या संदर्भात वस्ती-संघटनांच्या मर्यादा व शक्यता स्पष्ट करणे.

गृहीतक

नागरी दर्जा मिळाल्याने लहान गावाला नियोजनाचे अधिकार मिळतात. मात्र त्याच वेळी सामान्य रहिवाशाचे निर्णयप्रक्रियेतील थेट स्थान कमी होते.

संशोधन पद्धती

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून संबंधित कायदे व प्रकाशित साहित्य यांचा आधार घेतला आहे.

कळंब : स्थान आणि स्वरूप

कळंब हे यवतमाळहून वर्धा-नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावरील तालुक्याचे गाव आहे. विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक असलेल्या श्री चिंतामणीच्या मंदिरामुळे ते सर्वपरिचित आहे. मंदिरातील कुंड जमिनीच्या पातळीखाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. कुंडातील पाणी काही वर्षांच्या अंतराने वाढून मूर्तीच्या चरणांपर्यंत पोहोचते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. चतुर्थीला येणारी भाविकांची गर्दी, तालुक्याच्या कचेऱ्यांत कामासाठी येणारे शेतकरी आणि राळेगावसारख्या शेजारच्या तालुक्यांतून होणारी ये-जा यांमुळे गावाच्या रस्त्यांवर त्याच्या लोकसंख्येपेक्षा अधिक भार पडतो.

या भारात अलीकडे दोन गोष्टींची भर पडली. तुळजापूर-नांदेड-यवतमाळ-वर्धा-बुटीबोरी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ कळंबवरून जातो. तसेच वर्धा-यवतमाळ-नांदेड या रेल्वेमार्गाच्या वर्धा ते कळंब टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. ब्रिटिश काळात मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापी रेल्वे कापसासाठी टाकण्यात आली; ती दारव्ह्यामार्गे गेली आणि कळंब तिच्या वाटेबाहेर राहिले. शंभराहून अधिक वर्षांनंतर गावाला रेल्वे मिळाली ही समाधानाची बाब आहे. मात्र स्थानकाच्या दिशेने गाव कसे वाढावे, हे ठरवण्याची वेळही त्यामुळे आली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांताला जोडण्यात आला आणि १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावापासून भारतात स्थानिक स्वराज्याचा आरंभ मानला जातो. मात्र वसाहतकालीन नगरपालिकेचे काम प्रामुख्याने झाडलोट, दिवाबत्ती व करवसुली या चौकटीत राहिले. नियोजनाची गरज शासनाला भासली ती साथीच्या रोगांमुळे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे ही त्याची मुख्य रीत होती व त्यात रहिवाशांचे मत विचारले जात नसे.

या रीतीला पहिला मोठा वैचारिक आक्षेप पॅट्रिक गेडिस यांनी घेतला. १९१४ मध्ये भारतात आलेल्या व पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झालेल्या गेडिस यांचे म्हणणे असे, की प्रथम वस्तीची बारकाईने पाहणी करावी, तेथील विहिरी, झाडे, देवळे व वहिवाटा समजून घ्याव्यात आणि जेथे अगदी आवश्यक असेल तेथेच पाडापाडी करावी. इंदूरविषयीचा त्यांचा १९१८ चा अहवाल याच दृष्टीचा आहे. वस्तीचे ज्ञान वस्तीतच असते, हा त्यांचा विचार आजही लागू पडतो.

विदर्भात हाच विचार वेगळ्या वाटेने आला. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हातातील खराट्याने सार्वजनिक जागेची जबाबदारी लोकांना शिकवली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभारला आणि ‘ग्रामगीता’ या १९५५ च्या ग्रंथातून ग्रामरचना, स्वच्छता व सामुदायिक श्रम यांचा विचार मांडला. गावोगावच्या श्री गुरुदेव सेवा मंडळांनी प्रार्थनेबरोबर ग्रामसफाईलाही स्थान दिले. वैदर्भीय वस्ती-संघटनेची मुळे अशा प्रकारे एका बाजूला भक्तिपरंपरेत आहेत. ती केवळ पाश्चात्त्य नागरी संस्थांचे अनुकरण नव्हे.

तथापि या परंपरेचे आदर्शीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला राज्यरचनेचा घटक मानण्यास कठोर विरोध केला होता. गावाची रचनाच जातिनिहाय वस्त्यांची असल्याने ‘सर्व गाव’ म्हणून जे बोलते ते अनेकदा गावातील प्रबळांचे मत असते. ही टीका आजच्या वस्ती-संघटनांनाही लागू होते. तिचा विचार पुढे केला आहे.

अधिकारांची वाटणी : १९६० नंतर

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर लोकशाही विकेंद्रीकरणाचा आराखडा यवतमाळ जिल्ह्याचेच सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केला. या समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. बलवंतराय मेहता समितीने (१९५७) पंचायत समितीला महत्त्व दिले होते, तर नाईक समितीने जिल्हा हा सबळ घटक मानला. विकासयंत्रणा उभारण्याच्या दृष्टीने तो निर्णय फलदायी ठरला. मात्र गल्ली व मोहल्ला हा घटक त्या रचनेत आला नाही.

नाईक मुख्यमंत्री असतानाच महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ संमत झाला. आजही विकास आराखडा याच कायद्याने होतो. नियोजन प्राधिकरणाने इरादा जाहीर करणे, प्रारूप आराखडा प्रसिद्ध करणे, हरकती व सूचना मागवणे, नियोजन समितीपुढे सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी असे त्याचे टप्पे आहेत. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ नुसार हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत मिळते. कोणत्याही व्यक्तीला हरकत घेता येते. परंतु रहिवासी संघाला वेगळे स्थान नाही. आराखडा साधारणतः २० वर्षांसाठी असतो. म्हणजे एका पिढीच्या वाट्याला रीतसर बोलण्यासाठी येतो तो एवढा महिनाभराचा अवधी. नकाशा वाचता न येणाऱ्या रहिवाशाच्या बाबतीत तर तोही निसटून जातो.

ग्रामसभेचा लोप

या ठिकाणी कळंबचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि ७३ वी घटनादुरुस्ती (१९९२) यांमुळे ग्रामसभेला वैधानिक स्थान आहे. गावातील प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. विकासकामांच्या योजना, लाभार्थ्यांची निवड व खर्च हे विषय तिच्यासमोर येतात, तसेच महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. ग्रामसभेला उपस्थिती कमी असते, ठराव आधीच लिहिलेले असतात, ही टीका खरी आहे. तरीही तेथे उठून सरपंचाला प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाही नाकारता येत नाही.

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण शासनाने २०१४ मध्ये स्वीकारले. कळंब या गटात मोडते. नगरपंचायतीत १७ प्रभाग व १७ नगरसेवक असतात. नगरपंचायत ही नियोजन प्राधिकरण असल्याने आराखडा तयार करण्याचा अधिकार तिला मिळतो. परंतु ग्रामसभा संपुष्टात येते आणि तिची जागा घेणारी रचना व्यवहारात मिळत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीतील प्रभाग समित्या ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठीच बंधनकारक आहेत. नगरपालिका व महानगरपालिकांसाठी क्षेत्रसभेची तरतूद करणारा कायदा महाराष्ट्राने २००९ मध्ये केला. मात्र त्याची व्यापक अंमलबजावणी झाली नाही. गाव शहर झाले की मतदाराचे सभासदत्व जाते, हा विरोधाभास लोकशाही विकेंद्रीकरणाच्या चर्चेत क्वचितच मांडला जातो.

या पोकळीत अनौपचारिक संघटना उभ्या राहतात. लहान शहरांत भूखंडधारकांचा संघ, गणेशोत्सव मंडळ, महिला बचत गट, व्यापारी संघटना अशी त्यांची रूपे असतात. नाली तुंबली, दिवा बंद पडला की निवेदन देणारे लोक याच मंडळींतील. परंतु निवेदन ही विनंती असते. तिला उत्तर देणे बंधनकारक असलेल्या ग्रामसभेच्या प्रश्नाची बरोबरी ती करू शकत नाही.

तुलनात्मक उदाहरणे

मुंबईत १९९७ च्या सुमारास महानगरपालिकेने ‘एएलएम’ अर्थात प्रगत परिसर व्यवस्थापन ही योजना सुरू केली. घाटकोपरच्या जोशी लेनमधील प्रयोग त्याचा आरंभबिंदू मानला जातो. रहिवाशांनी कचरा वेगळा करावा, पालिकेने तो उचलावा, अशा साध्या करारातून पुढे पदपथ, अतिक्रमणे व रस्तेदुरुस्ती हे विषयही संघांनी हाती घेतले. या योजनेने प्रशासनाला उत्तरदायी केले; परंतु तिच्यात मध्यमवर्गीय सोसायट्यांचा आवाज मोठा आणि झोपडपट्टीतील रहिवासी व फेरीवाले यांचा क्षीण राहिला, अशी टीकाही झाली.

दुसरे उदाहरण विदर्भातीलच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने निर्णय आणि निर्णयापूर्वी अभ्यासगट ही पद्धत रुजवली व २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. आधी माहिती, मग चर्चा, मग ठराव, हा तिचा क्रम नगरनियोजनालाही उपयोगी आहे.

वाहतूक सुरक्षा : अधिकाराबाहेरचा रस्ता

गावातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर नगरपंचायतीची मालकी नसते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार तो केंद्र शासनाकडे असतो. महामार्गावर गतिरोधक टाकण्यासही सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्यामुळे शाळेसमोर अपघात झाला की रहिवासी नगरपंचायतीकडे जातात, नगरपंचायत महामार्ग यंत्रणेकडे बोट दाखवते आणि बहुधा अखेरीस ‘रास्ता रोको’ होतो.

वस्तुतः मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नेमलेल्या समितीनंतर या समित्यांच्या कामास चालना मिळाली. अपघातप्रवण स्थळे निश्चित करणे हे तिचे काम होय. ते नोंदवलेल्या अपघातांवर चालते. थोडक्यात टळलेला अपघात, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडण्यास लागणारा वेळ, बैलगाडी उलट दिशेने येण्याचे कारण या गोष्टी पोलिसांच्या नोंदवहीत येत नाहीत. त्या वस्तीलाच ठाऊक असतात. वस्ती-संघटनेचे खरे सामर्थ्य येथे आहे. तारीखवार नोंद व ठिकाणाचा साधा नकाशा घेऊन जाणारे निवेदन हा पुरावा ठरतो.

नगरवाढ आणि मोकळ्या जागा

राज्यात २०२० पासून लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नव्या वस्तीत ही जागा म्हणजे मुलांचे मैदान, म्हाताऱ्यांची बैठक व पावसाचे पाणी मुरण्याचे ठिकाण. तिच्यावर लक्ष ठेवणारा पहिला पहारेकरी शेजारी हाच असतो. मात्र संघाचे सभासदत्व भूखंडमालकांपुरते राहिले, तर भाडेकरू, मजूर, स्त्रिया व वस्तीच्या कडेला राहणारी कुटुंबे यांच्या गरजा या जागेच्या वापरात उमटत नाहीत. डॉ. आंबेडकरांनी खेड्याबाबत दिलेला इशारा नव्या लेआउटच्या बाबतीतही तितकाच खरा ठरतो.

निष्कर्ष

१) विदर्भात सामुदायिक श्रमाची व परिसर-जबाबदारीची स्वतंत्र परंपरा आहे, परंतु तिला नियोजनाच्या कायद्यात स्थान मिळाले नाही.
२) नगरपंचायत झाल्याने कळंबसारख्या गावाला नियोजनाधिकार मिळतो, मात्र रहिवाशाची वैधानिक सभा संपुष्टात येते. सबब गृहीतक सिद्ध होते.
३) क्षेत्रसभेच्या तरतुदीची अंमलबजावणी महानगरांआधी नगरपंचायतींत होणे व्यवहार्य आहे, कारण १७ प्रभागांच्या गावात मतदारांना एकत्र बसणे सोपे असते.
४) हरकतींच्या ३० दिवसांत प्रत्येक प्रभागात मराठीतून नकाशावाचन घडवून आणावे. स्थानिक महाविद्यालयांचे भूगोल, इतिहास व राज्यशास्त्र विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना हे काम करू शकतात.
५) वस्ती-संघटनेचे सभासदत्व मालमत्तेवर आधारित न ठेवता वास्तव्यावर ठेवावे.

समारोप

रेल्वे व महामार्ग यांमुळे कळंबची वाढ होणार हे उघड आहे. ती कोणत्या दिशेने व्हावी, हे मुंबईतील मंत्रालय आणि दिल्लीतील महामार्ग यंत्रणा ठरवतील की त्या रस्त्यावरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांचे पालकही ठरवतील, हा प्रश्न आहे. ग्रामसभेत ज्या पालकांना आसन होते त्यांना शहरात तिष्ठत उभे राहावे लागू नये, एवढी अपेक्षा विकेंद्रीकरणाच्या साठ वर्षांहून अधिक काळाच्या वाटचालीनंतर अवास्तव ठरू नये.