कात्रीच्या खुणा आणि यवतमाळची कपाशी

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच हंगामात विदर्भातील बीटी कपाशीची बोंडे गुलाबी बोंडअळीने पोखरली. फवारण्या कमी होतील, या आश्वासनावर हे बियाणे आले होते. त्याचा इतिहास सहसा कंपन्या व परवानग्यांच्या तारखांत सांगितला जातो. त्याचा एक पदर मात्र पेशीच्या आत आहे.

जनुकाचा मजकूर सलग नसतो, हे १९७७ मध्ये उघड झाले. पेशी आरएनए प्रतीतून मधले तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापून टाकते व उरलेले भाग जोडते. यालाच स्प्लायसिंग म्हणतात. इंट्रॉनचा आरंभ बहुधा ‘जीयू’ने व शेवट ‘एजी’ने होतो, पण ही अक्षरे प्रतीत जागोजागी सापडतात. मग खरी खूण कोणती? १९८९ मध्ये गुडऑल व फिलिपोविच यांनी दाखवले, की वनस्पतीला इंट्रॉन ओळखण्यासाठी त्यातील ‘ए’ व ‘यू’ या अक्षरांची दाटी लागते.

बीटी जिवाणूच्या विष-जनुकात इंट्रॉन नसतात, परंतु नेमकी हीच दाटी असते. त्यामुळे वनस्पती कामाचा मजकूरच इंट्रॉन समजून कापू शकते. तंबाखूत तसे घडताना १९९५ मध्ये दिसलेही. त्यापूर्वीच मोन्सँटोच्या संशोधकांनी प्रथिन जवळजवळ तेच ठेवून जनुकाची अक्षरे बदलली होती. त्यांचा मुख्य रोख प्रत अकाली तोडणाऱ्या खुणांवर होता, तरी त्याने दाटीही विरळ झाली. त्यांच्या १९९१ च्या निबंधानुसार प्रथिनाचे प्रमाण शंभरपटीपर्यंत वाढले. या पुनर्लेखनाविना बीटी कपाशी बाजारात येणे कठीण होते.

२६ मार्च २००२ रोजी जालन्याच्या महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना मंजुरी मिळाली आणि काही वर्षांतच यवतमाळची काळी कोरडवाहू जमीन बीटीने व्यापली.

मग कात्री अळीच्या हाती गेली. बीटीचे विष अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन प्रथिनाला चिकटते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातील प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळ्यांत कॅडहेरिन जनुकाची आठ बिघडलेली रूपे आढळली. त्यांपासून आरएनएच्या १९ प्रकारच्या सदोष प्रती बनत होत्या, आणि त्यामागे बदललेले स्प्लायसिंग असल्याचे संशोधकांनी मांडले. बोलगार्ड-२ मध्ये २००६ पासून दुसरे विष, क्राय२एबी, जोडलेले होते. २०१८ मध्ये त्याच्या प्रतिकाराचाही संबंध एबीसीए२ या दुसऱ्या जनुकाच्या चुकीच्या स्प्लायसिंगशी आढळला.

त्यानंतरच्या हंगामांतही यवतमाळच्या कृषी केंद्रांत बोलगार्ड-२ चीच पाकिटे विकली जात होती.